काना

उभं राहून ओळख करून द्या म्हणालात, दोन मिनिटांत.
तर मी राजमती नेमगोंडा मगदूम,
राहणार सांगलीवाडी, आयर्विन पुलाच्या अलीकडं.
म्हणजे तुमच्या पलीकडं.

‘रा’ला काना आहे. हे आधीच सांगते,
कारण सात नंबरच्या शाळेत नाव घालताना
लोंढे गुरुजींनी तो घातला नाही.
शाई संपली होती, असं अण्णा सांगायचे.
अव्वा म्हणायची, गुरुजींचा चहा आला होता.
काही असो, रजिस्टरात मी रजमती झाले
आणि वर्गात रजईमती.
चौथीत एका दुपारी कपाट उघडं सापडलं,
तेव्हा माझा काना मी माझ्या हातानं ओढला.
जरा लांबच ओढला. अजून आहे तिथं,
खालच्या ओळीतल्या रमजान मुल्लाच्या
डोक्याला टेकलेला.

अण्णा हळदीच्या पेठेत तोलार.
आमच्या घरात कुणाचं लग्न नसतानाही
सगळ्यांना हळद लागलेली असायची.
सायकलच्या मुठी पिवळ्या, उंबऱ्याची कडी पिवळी.
मी पुढं दांडीवर, बाळगोंडा मागं कॅरेजवर,
आणि पुलावरचं वारं तिघांना फुकट.

प्रगतिपुस्तकावर अण्णांची सही,
सहीखाली पिवळा अंगठा, न सांगता उमटलेला.
सहामाहीला गणितात अकरा मार्क पडले
तेव्हा सही मी केली. बरी केली.
वर चुलीजवळच्या डब्यातली हळद घेऊन
अंगठाही दिला.
गोसावीबाईंनी पान नाकाशी नेलं.
‘राजमती, पेठेतल्या हळदीला
हिंगाचा वास कधीपासून यायला लागला?’

अण्णा रागावले नाहीत.
पुलाच्या मध्यावर सायकलवरून उतरले,
पान उजेडात धरून बघितलं,
म्हणाले, ‘अंगठा बारीक आलाय गं.
पुढच्या टायमाला बाळगोंडाचा घे.’

घरात कांदा नाही, लसूण नाही,
दिवस मावळला की चूल गप्प.
पण गाव सांगली. भडंगाला कोण काय करणार?
चार आण्याची पुडी, कागद तेलानं आरपार,
आणि त्यात तळलेल्या पाकळ्या, सालासकट.
छबू घोरपडे आणि मी घाटावर बसून खायचो.
मग पूलभर तोंड उघडं ठेवून चालायचं,
पेरूची पानं चावायची,
आणि घरी अव्वा जवळ आली की
श्वास रोखून पाढे म्हणायचे.
श्वास रोखून पाढे म्हणता येत नाहीत.
बारा पंचेपर्यंत निभायचं,
साठचा ठ सगळं सांगून टाकायचा.

एकदा अण्णांची कोपरी धुताना
खिशात अव्वाच्या बोटाला काहीतरी लागलं.
लसणाचं साल. तांबूस, चकचकीत.
तिनं बघितलं. मी बघितलं.
तिनं खिसा उलटा केला, झटकला,
‘शेंगदाण्याचं असंल,’ म्हणाली
आणि साबण मागितला.

पुढचं थोडक्यात.
डी.एड. झाले, बत्तीस वर्षं शिकवलं.
नाव घालायला आलेल्या एका बापाला
काना, मात्रा, वेलांटी इतक्यांदा विचारली
की तो म्हणाला, बाई, तुम्हीच ठेवा काय ते नाव.
अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली.
सायकल आहे. मुठी बदलल्या, दांडी तीच.

पेन्शनच्या कागदावर मात्र, कुठून कोण जाणे,
पुन्हा रजमतीच आलीय.
दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन
ती बाई जिवंत आहे असं
मी लिहून देते.

झाली वाटतं दोन मिनिटं. बसते.
पिशवीत पुडी आहे, ती तिकडून फिरवा.
लसूण आहे त्यात.
ज्याचं त्यानं बघून घ्या.